फसवे हॉलमार्क (जुनी चांदी आणि मुलाम्याच्या वस्तू)

जुन्या चांदीच्या किंवा चांदीसारख्या दिसणाऱ्या वस्तूवरचा, पाहणाऱ्याची कस, गाव किंवा काळ याबाबत दिशाभूल करणारा ठसा. यातले सगळेच ठसे बनावट नसतात. पुष्कळ ठसे अगदी खरे असतात, चूक वाचणाऱ्याची होते.

इंग्लंडमध्ये 1544 पासून पंजा उचलून चालणारा सिंह स्टर्लिंग चांदीची, म्हणजे हजारात 925 भाग शुद्धतेची, खूण ठरला. त्याच्या शेजारी शहराचे चिन्ह, वर्षाचे अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरे असत. छोट्या ढालींची ही ओळ लोकांच्या डोळ्यांत बसली आणि मुलामा देणाऱ्यांनी नेमकी तीच उचलली. 1840 मध्ये एल्किंग्टन या इंग्रज कारखानदारांनी विजेने मुलामा चढवण्याचे पेटंट घेतल्यावर असा माल भरपूर निघू लागला. त्यातला एखादा चमचा उलटा धरला की दांड्यावर चार ढाली दिसतात. भिंगाखाली मात्र त्यांत गॉथिक वळणाची ई, पी, एन, एस ही अक्षरे निघतात. अर्थ एवढाच, की निकेल सिल्व्हरवर विजेने चांदी चढवली आहे. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त. नावात चांदी असली तरी त्यात ती मुळीच नसते. ‘जर्मन सिल्व्हर’ आणि ‘अल्पाका’ हीही त्याच जातीची नावे.

मुकुटाचा घोळ याहून अवघड. 1773 पासून मुकुट हे इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या तपासणी कचेरीचे चिन्ह होते, पण मुलामावालेही तो वापरत. 1896 मध्ये त्यांना त्याची बंदी झाली. म्हणून नुसत्या मुकुटावर विसंबू नये, सिंह शोधावा.

आकडेही चकवतात. रशियन वस्तूवरचे 84 म्हणजे 96 पैकी 84 झोलोत्निक (जुने रशियन वजनी माप), अर्थात 875 चा कस. जर्मन काट्या-चमच्यांवरचे 90 हा मात्र कस नव्हे. ठरावीक नगांच्या संचावर किती ग्रॅम चांदी चढवली, त्याचा तो आकडा. त्याला 900 समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक आहे.

चांदी खरी आणि ठसा नकली, असाही प्रकार आहे. एकोणिसाव्या शतकात चीनमधल्या कँटनच्या कारागिरांनी इंग्रजी ठशांच्या नकला मारल्या. जर्मनीतल्या हानाऊमध्ये जुन्या घाटाच्या वस्तूंवर जुन्या फ्रेंच आणि जर्मन ठशांसारखी चिन्हे उठवली गेली. ही कारागिरी अनेकदा फार सुंदर असते. तिला टाकाऊ मानणे अन्यायाचे आहे.

सर्वांत फसवे ते कलम केलेले ठसे. 1720 ते 1758 या काळात इंग्लंडमध्ये चांदीवर औंसामागे सहा पेन्स कर होता. तो चुकवण्यासाठी काही कारागीर एखादी हलकी वस्तू तपासून घेत, तिचा ठशाचा तुकडा कापत आणि जड भांड्याच्या बुडाला डाख देऊन बसवत. पुढे लबाडांनीही हीच युक्ती नव्या मालाला जुने ठरवण्यासाठी वापरली. अशा भांड्याच्या बुडावर हळूच तोंडाची वाफ सोडावी. क्षणभर धूसर झालेल्या पृष्ठभागावर ठशाभोवती डाखाची बारीक रेघ उमटू शकते. साच्यातून ओतलेल्या नकली ठशाच्या कडा पंच या हत्याराने ठोकून मारलेल्या ठशासारख्या धारदार नसतात. त्या बोथट असतात, तळाशी बारीक खळगेही दिसतात.

ठशाने समाधान झाले नाही तर झिजलेल्या जागा पाहाव्यात. कडा, दांड्याची पाठ, नक्षीचे उंचवटे यांवर तांब्याची लाली किंवा निकेलचा पिवळट करडेपणा डोकावत असेल, तर वरची चांदी मुलाम्याचीच. क्ष-किरणांचे यंत्र फक्त वरचा थर वाचते, त्यामुळे जाड मुलामा त्यालाही चकवू शकतो.