घरं आधी की पाइपलाइन आधी, हे भांडण जुनंच आहे

शहर झपाट्याने वाढायला लागलं की दोन तट पडतातच, एक म्हणतो घरं बांधा म्हणजे भाव उतरतील, दुसरा म्हणतो आधी पाणी, ड्रेनेज, रस्ते करा आणि मग टॉवर उभे करा. दोघांचंही बरोबर आहे, हीच तर पंचाईत. बिल्डिंग दोन-तीन वर्षांत उभी राहते, मोठ्या जलवाहिनीला कधी कधी दहा वर्षं जातात, आणि दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या खिशातून येतात.

न्यूयॉर्कने १८११ मध्ये रस्ते आधी आखले. तेव्हा वस्ती जेमतेम लाखाच्या आत, तीही बहुतेक मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, पण रस्ते आखायला नेमलेल्या कमिशनरांनी शेतं-टेकड्यांवरून थेट १५५ व्या स्ट्रीटपर्यंत रेघा मारून ठेवल्या. पाणी मात्र मागेच राहिलं, १८३२ ला कॉलरा येऊन गेला आणि क्रोटन नदीचं पाणी शहरात यायला १८४२ उजाडलं. लंडनला तर आधी माणसं आली, गटारांचं नंतर सुचलं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स इतकी घाण मारायला लागली की काठावरच्या पार्लमेंटमध्ये बसवेना, तेव्हा कुठे इंजिनियर जोसेफ बॅझलगेटच्या गटार योजनेचा पैसा मोकळा झाला. वास साहेबांच्या नाकापर्यंत गेला की फाइल हलते, दुसरं काय.

सगळ्यात शिकण्यासारखा किस्सा बर्लिनचा. १८६२ मध्ये इंजिनियर जेम्स होब्रेख्टने शहराभोवती रुंद रस्त्यांचा मोठा प्लॅन आखला, पण रस्त्यांमधले ब्लॉक अवाढव्य ठेवले आणि आत काय बांधायचं यावर बंधनं अगदी थोडी. १८५३ च्या नियमानुसार अंगण ५.३४ मीटर बाय ५.३४ मीटर असलं की झालं, कारण आग विझवायचा पंप तेवढ्यात वळतो. मग मालकांनी एका प्लॉटवर एकामागे एक इमारती ठोकल्या, मधे विहिरीसारखी अंगणं, मागच्या खोल्यांत दिवसाही अंधार, आणि भाडेकरू खच्चून भरलेले. म्हणजे घरांचा सप्लाय भरपूर झाला बरं का, आणि नवीन ड्रेनेजचं काम सुरू झालं १८७३ ला, तेही याच होब्रेख्टच्या हाताखाली!

पैशाचा गुंता सोडवायचे प्रयत्नही झाले. फ्रँकफुर्टचा महापौर फ्रान्झ आडिकेसच्या नावाने ओळखला जाणारा १९०२ चा कायदा म्हणत होता, सगळ्या मालकांच्या जमिनी एकत्र करा, रस्त्यांपुरती काढून घ्या, उरलेली नीट प्लॉट पाडून परत द्या. प्लॉट लहान होतो पण भाव चढतो. जपानने हीच पद्धत १९२३ च्या भूकंपानंतर तोक्योत मोठ्या प्रमाणात वापरली. जपानमध्येच ओसाकाजवळ उद्योजक इचिझो कोबायाशीने १९१० मध्ये रेल्वे टाकली आणि लाइनीच्या कडेची जमीन घेऊन घरं हप्त्यांवर विकली. घरं विकून फायदा आणि प्रवासीही घरचेच.

कॅलिफोर्नियात नेमकं उलटं झालं. १९७८ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन १३’ या प्रस्तावाने प्रॉपर्टी टॅक्स मूल्याच्या १ टक्क्यावर बांधला, ते मूल्यही वर्षाला जास्तीत जास्त २ टक्केच वाढणार, तेही घर विकलं जाईपर्यंत. जुन्या रहिवाशांना मजा, पालिकांच्या तिजोरीत खडखडाट, मग त्यांनी नव्या बांधकामावर फी लावायला सुरुवात केली, शाळेची वेगळी, रस्त्याची वेगळी, पाण्याची वेगळी, आणि बिल्डरने त्यातलं जमेल तेवढं घराच्या किमतीत घातलं.