झालर आलेलं प्रतल

क्रोशाचा गोल रुमाल करताना टाके जास्त वाढले की कडा सपाट बसत नाही, लाटा येतात. मग "झालर आली, उसव" असं ऐकून घ्यावं लागतं. हीच चूक नेमाने करत गेलं की हायपरबोलिक प्रतल तयार होतं. गणितज्ञांना हे सुचायला दीडशेहून जास्त वर्षं लागली.

रेषेबाहेरच्या बिंदूतून तिला समांतर एकच रेषा जाते, हे आपण शाळेत मुकाट्याने मान्य करतो. रशियात लोबाचेव्हस्की यांनी १८२९ मध्ये आणि हंगेरीच्या बोयाई यांनी १८३२ मध्ये अशा अनेक रेषा असलेली, म्हणजेच हायपरबोलिक, भूमिती छापली. तर्क बिनचूक होता, पण डोळ्यांपुढे आणायचं काय? १८६८ मध्ये इटलीच्या बेल्त्रामी यांनी ती ऋण वक्रतेच्या, म्हणजे जागोजागी खोगिरासारख्या वाकलेल्या पृष्ठावर दाखवली. कागदाचे तुकडे चिकटवून त्यांनी केलेलं मॉडेल पाव्हियाच्या विद्यापीठात जपून ठेवलंय. त्याला 'बेल्त्रामींचं टोपडं' म्हणतात आणि ते दिसतंही तसंच.

पुढे १९०१ मध्ये जर्मन गणितज्ञ हिल्बर्ट यांनी सिद्ध केलं की असं अख्खं प्रतल, गुळगुळीत ठेवून, आपल्या त्रिमितीत मावत नाही. अख्खं मावत नाही, पण ओंजळभर तुकड्याला कुणाची हरकत? सत्तरच्या दशकात अमेरिकी गणितज्ञ विल्यम थर्स्टन कागदी कड्यांच्या पट्ट्या एकमेकींना जोडून असे तुकडे करायला शिकवत. कॉर्नेल विद्यापीठातले डेव्हिड हेंडरसन ते त्यांच्याकडूनच शिकले. पण चार वेळा हाताळलं की कागद फाटायचा.

१९९७ मध्ये तिथेच गणितज्ञ दाइना ताइमिन्या यांनी हेंडरसन यांचं हे जर्जर मॉडेल पाहिलं. त्या लाटव्हियाच्या, लहानपणापासून विणकाम येणाऱ्या. आधी दोन सुयांवर विणून पाहिलं, पण टाके सुईवर मावेनात. क्रोशात एका वेळी एकच टाका सुईवर असतो, त्यामुळे तिथे ही अडचण येत नाही.

कृती सोपी आहे. वीस साखळ्या घाला आणि प्रत्येक ओळीत दर पाचव्या टाक्यात दोन मुके खांब घ्या, म्हणजे पाचाचे सहा. दहाव्या ओळीला सुमारे १२४ टाके होतात, विसाव्या ओळीला ७६० च्या वर. शेवटची एक ओळ विणायला बराच वेळ जातो. टाका मात्र घट्ट हवा, नाहीतर सगळं लोळागोळा होतं. झाल्यावर दुमडायचं: घडी पडते ती सरळ रेषा. तिच्याबाहेरचा एक बिंदू घेऊन तिथून आणखी तीन घड्या घाला, रंगीत दोऱ्याने धावदोरा घाला. त्या तिन्ही पहिलीला कुठेच भेटत नाहीत. लोबाचेव्हस्कींचं म्हणणं बोटाने चाचपता येतं.

२००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी याच कृतीतून प्रवाळ विणायला घेतले. टाके वाढवायचं गुणोत्तर मुद्दाम थोडं बिघडवलं की ते जास्त खरे दिसतात. ताइमिन्या यांच्या पुस्तकाला आधी २००९ सालच्या सर्वांत विचित्र शीर्षकाचं ब्रिटिश पारितोषिक मिळालं. अमेरिकेतल्या गणित संघटनेचं ऑयलर पारितोषिक त्यानंतर, २०१२ मध्ये.