पॅकेट संपलं, हे सांगणारी पिन

फायबरमधून येणारा प्रकाश थांबत नाही. एसटीएम-16 या ठरावीक वेगाच्या फायबर जोडणीवर सेकंदाला सुमारे 248.8 कोटी बिट येतच राहतात, कुणी काही पाठवत असो वा नसो. पाठवायला पॅकेट, म्हणजे माहितीचा गठ्ठा, नसेल, तर रिकामी जागा हेक्साडेसिमलमधल्या (सोळाच्या पायावरच्या अंकलेखनातल्या) 7ई या बाइटने भरतात. दोन पॅकेटांमधली सीमाही हाच 7ई दाखवतो. मग पॅकेटच्या मजकुरातच 7ई आला तर? तो तसा जाऊ देत नाहीत. त्याच्या जागी 7डी आणि 5ई असे दोन बाइट पाठवतात आणि पलीकडची चिप ते पुन्हा जुळवून घेते. वाट एकच आहे, त्यामुळे माल आणि मालाची सीमा दोन्ही तिच्यातूनच न्यावं लागतं.

राउटरच्या बोर्डावर मात्र चित्र बदलतं. फायबरकडची चिप, म्हणजे 'फाय', पॅकेटं सोडवून पुढच्या चिपकडे देते, आणि तिथे सीमा सांगायला स्वतंत्र तारा असतात. या तारांची एक प्रसिद्ध मांडणी पीएमसी-सिएरा या चिप कंपनीने आणि सॅटर्न गटाने 'पीओएस-फाय लेव्हल 3' नावाने केली. ऑप्टिकल इंटरनेटवर्किंग फोरमने 2000 साली ती 'एसपीआय-3' म्हणून स्वीकारली. तिच्या रिसीव्ह बाजूला 42 पिना आहेत. माहितीच्या 32. मला कुतूहल आहे ते उरलेल्या 10 पिनांचं.

त्याआधी नावाचा एक घोळ सोडवू. 'रिसीव्ह' म्हणजे आत येणारं, असं वाटून नवखा माणूस फायच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे माहितीपत्रकात, आरडॅट ही माहितीची पिन इनपुट म्हणून शोधतो. ती असते आउटपुट! इथे दिशा चिपच्या नजरेतून ठरवलेलीच नाही. जे नेटवर्कमधून आलं ते रिसीव्ह, आणि तेच नाव दोन्ही चिपांवर. एवढं पक्कं झालं की निम्मी डेटाशीट आपोआप उलगडते.

आता 66 बाइटचं एक पॅकेट घ्या. 32 तारांवर क्लॉकच्या, म्हणजे चिपांना ताल देणाऱ्या सिग्नलच्या, एका ठोक्याला 4 बाइट जातात. क्लॉक जास्तीत जास्त 104 मेगाहर्ट्झ, म्हणजे ठोका साधारण 9.6 नॅनोसेकंदांचा. पहिल्या ठोक्याला आरएसओपी ही पिन वर जाते, म्हणजे 1 होते: पॅकेट सुरू झालं. सोळा ठोक्यांत 64 बाइट गेले, दोन उरले. सतराव्या ठोक्याला आरईओपी ही पिन वर जाते: पॅकेट संपलं. पण त्या ठोक्यालाही 32 तारांवर काही ना काही असणारच; त्यातलं खरं किती? ते आरमॉडच्या दोन तारा सांगतात. तिथे 'एक-शून्य' असेल, तर वरचे दोन बाइट खरे, बाकीचे सोडून द्यायचे. आरमॉड वाचायला विसरलात, तर 66 बाइटचं पॅकेट 68 बाइटचं होतं आणि शेपटीला दोन बाइट कचरा चिकटतो. 64 बाइटच्या पॅकेटला मात्र काहीच होत नाही, कारण 64 ला 4 ने पूर्ण भाग जातो. म्हणून चाचणी घेताना चारच्या पटीतली पॅकेटं तेवढी वापरली, तर ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते.

आरईआरआर ही चूक सांगणारी पिन. तिचा शब्द फक्त आरईओपीबरोबर, पॅकेटच्या शेवटीच धरायचा. कारण साधं आहे: तपासणीची बेरीज पॅकेटच्या शेपटीला असते, शेवटचा बाइट हाती येईपर्यंत पॅकेट धड आहे की नाही हे फायलाही ठाऊक नसतं. त्यामुळे घेणाऱ्या चिपने पॅकेट आधी पूर्ण साठवायचं आणि मगच त्यावर विश्वास ठेवायचा, हे बरं.

सगळ्यात नाजूक जोडी आरव्हॅल आणि आरईएनबी यांची. आरव्हॅल देणाऱ्याची: 'आत्ता तारांवर आहे ते खरं आहे.' आरईएनबी घेणाऱ्याची: 'दे.' तिच्या नावातला शेवटचा बी सांगतो की हिचं सगळं उलट, शून्य म्हणजे होकार. स्लॅब टाकताना घमेली हातोहात जातात, तसंच हे. पुढच्याने 'थांब' म्हटलं तरी आधीच हातातून सुटलेलं घमेलं त्याला झेलावंच लागतं. क्लॉकवर चालणाऱ्या चिपांतही 'थांब' पोचायला ठोका लागतो, तेवढ्यापुरती जागा घेणाऱ्याने राखून ठेवायची.

आणि फार वेळ थांबवलं तर? पाठवण्याच्या बाजूला थांबता येतं, पॅकेट आपल्याकडेच असतं. रिसीव्ह बाजूला ती सोय नाही. प्रकाश येतच असतो, फायमधली साठवण भरते, पॅकेट मध्येच तुटतं आणि शेवटी आरईआरआर वर जाते. म्हणूनच तारांचा वेग मुद्दाम जास्त ठेवलाय: 32 गुणिले 104, म्हणजे सेकंदाला जवळपास 333 कोटी बिट. 1500 बाइटचं पॅकेट फायबरवरून यायला सुमारे 5 मायक्रोसेकंद लागतात, या तारांवरून ते 3.6 मध्ये पुढे जातं. थांबण्याची सगळी मुभा या फरकातून येते.

उरलेल्यांपैकी आरएफसीएलके हा क्लॉक. आरएसएक्स आता कोणत्या पोर्टचा, म्हणजे कोणत्या जोडणीचा माल येतोय ते सांगते: ती वर असताना माहितीच्याच खालच्या आठ तारांवर पोर्टचा क्रमांक येतो. आरपीआरटीवाय ही पॅरिटी, म्हणजे चूक पकडणारी तार. माहितीच्या 32 आणि ही, अशा सर्व 33 तारांवरचे '1' मोजले, तर ते विषम भरले पाहिजेत. विषमच का? सगळ्या तारा मेल्या आणि शून्यावर पडल्या, तर सम पॅरिटीला ते बरोबरच वाटेल. विषम पॅरिटी लगेच ओरडते.

पुढे 10 गिगाबिटचा काळ आला आणि पिना महाग वाटू लागल्या. एसपीआय-4.2 या पुढच्या मांडणीत सुरुवात आणि शेवट सांगणाऱ्या स्वतंत्र पिना गेल्या. माहितीच्या तारांच्या 16 जोड्या आणि 'हा माल की ही सूचना' एवढंच सांगणारी एक जोडी राहिली. नंतरच्या इंटरलाकेन या मांडणीत तीही गेली. सीमा पुन्हा मालाच्याच प्रवाहातून येऊ लागली, फायबरवरच्या 7ई सारखी.