वयामुळे की जन्मसालामुळे? वार्धक्याच्या अभ्यासातली एक हट्टी गल्लत

सातारा-सांगली भागातल्या महाविद्यालयांत ज्येष्ठ नागरिकांवर जे प्रकल्प-अहवाल लिहिले जातात, त्यांच्या निष्कर्षात एक वाक्य हमखास भेटते: वय वाढते तसा माणूस अधिक धार्मिक, अधिक काटकसरी आणि नव्या साधनांपासून अधिक दूर होत जातो. या वाक्यामागचा पुरावा तपासला, तर एकाच महिन्यात गावातल्या तिशीतल्या आणि सत्तरीतल्या माणसांना एकच प्रश्नावली दिली आणि उत्तरांतली तफावत मोजली, एवढेच घडलेले असते. एकाही माणसाला बदलताना कोणी पाहिलेले नसते. वेगवेगळ्या काळात जन्मलेली माणसे शेजारी बसवायची आणि त्यांच्यातल्या फरकाला 'वाढत्या वयाचा परिणाम' म्हणायचे, ही गल्लत वर्तमानपत्री लेखांत आणि योजनांच्या टिपणांतही इतकी रुळली आहे की आता ती खटकतही नाही. मला ती खटकते, कारण तिच्यावर माणसांविषयीचे निर्णय बेतले जातात.

वयाचा परिणाम म्हणजे काय, हे सांगायला फार शब्द नकोत. गुडघे दुखू लागतात, दृष्टी मंदावते, नोकरी संपते, जोडीदार जातो. कोणत्याही साली जन्मलेल्या माणसाला त्या टप्प्यावर हे कमीअधिक प्रमाणात भोगावे लागते. पिढीचा परिणाम मात्र ठरावीक वर्षांत जन्मलेल्या गटालाच चिकटतो आणि त्याच्याबरोबर पुढे सरकतो. इथे पिढी म्हणजे घरातली आजोबा, बाप, नातू अशी उतरंड नव्हे. एकाच काळात वाढलेले समवयस्क, इतकाच अर्थ घ्यावा.

माण, खटाव, आटपाडी किंवा जत तालुक्यातली सत्तरी ओलांडलेली एखादी बाई डोळ्यांसमोर आणा. १९७२च्या दुष्काळात ती वीस-बावीस वर्षांची होती, दुष्काळी कामावर तिने खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी थापल्या. आज ती शिळी भाकरी टाकू देत नाही, तेलाची रिकामी पिशवी कापून भांड्यावर निथळत ठेवते, आणि सून म्हणते, 'आत्याबाई म्हातारपणी फारच चिकट झाल्यात.' सुनेचे हे विधान खरे की खोटे, हे आजच्या पाहणीतून कळणारच नाही. ही बाई चाळिसाव्या वर्षीही पिशवी अशीच निथळत ठेवत असेल, तर तिची काटकसर वयाची नाही, दुष्काळाची आहे; आणि दुष्काळानंतर जन्मलेली तिची सून सत्तरीला पोहोचली म्हणून तशीच वागेल, असे मानायला काही आधार नाही.

वारीचे उदाहरण याच्या उलट बाजूने पाहण्यासारखे आहे. माउलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली की दिंड्यांत पिकलेल्या केसांची माणसे मोठ्या संख्येने दिसतात. हे पाहून दोन निष्कर्ष निघू शकतात. पहिला असा की प्रपंच मुलांच्या हाती दिल्यावर माणूस वारीला मोकळा होतो. तसे असेल तर तीस वर्षांनीही म्हाताऱ्यांचे प्रमाण असेच दिसेल, फक्त माणसे नवी असतील. दुसरा असा की वारी अंगवळणी पडलेली एक विशिष्ट पिढीच आज म्हातारी झाली आहे. तसे असेल तर ती पिढी थकल्यावर तिची जागा घ्यायला तितके लोक येणार नाहीत. एका वर्षी लोणंदच्या तळावर उभे राहून कितीही काटेकोर मोजणी केली, तरी या दोहोंतले खरे कोणते ते ठरत नाही. वर्षे लोटल्यावर त्या वयाच्या जागा नव्या माणसांनी भरल्या का, हेच पाहावे लागते. वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम यांतला फरक ओळखण्याची याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाही.

हा वाद निव्वळ तात्त्विक नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के. वॉर्नर शाय यांनी १९५६ साली सिॲटल येथे ५०० प्रौढांच्या बौद्धिक क्षमता तपासल्या आणि दर सात वर्षांनी त्याच माणसांकडे परत जाऊन, शिवाय प्रत्येक वेळी नवी माणसे जोडून, तो अभ्यास अनेक दशके चालवला. वेगवेगळ्या वयाच्या माणसांची एकाच वेळी तुलना केली तेव्हा तरुणपणानंतर लवकरच बुद्धी उतरणीला लागल्यासारखी दिसत होती. त्याच माणसांचा मागोवा घेतल्यावर मात्र बहुतेक क्षमता साठीपर्यंत बऱ्याच टिकून असल्याचे आढळले. आधीच्या पिढ्यांना शालेय शिक्षण कमी मिळाले होते, आणि त्या उणिवेचा मोठा भाग वयाच्या नावावर खपत होता.

तिसरी बाजू काळाची. २०१९चा कृष्णेचा महापूर सांगलीतल्या दहा वर्षांच्या मुलावर आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांवर एकदमच आला, म्हणून त्याला ना वयाचा परिणाम म्हणता येते ना पिढीचा. यात अडचण साध्या बेरजेची आहे: जन्मसाल आणि वय मिळवले की पाहणीचे साल येते. तिन्हींपैकी दोन ठरली की तिसरे आपोआप ठरते, त्यामुळे नुसत्या आकडेमोडीने हे तीन परिणाम पूर्णपणे वेगळे काढता येत नाहीत. संगणकाने कोष्टक काढून दिले म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणाऱ्यांनी ही बेरीज एकदा कागदावर मांडून पाहावी.

आपल्या देशात ४५ वर्षांवरील लोकांचा दीर्घकालीन अभ्यास मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू आहे. २०१७-१८च्या त्याच्या पहिल्या फेरीत ७२ हजारांहून अधिक लोकांची माहिती गोळा झाली. नावात 'दीर्घकालीन' आहे म्हणून पहिल्याच फेरीचे आकडे 'वयानुसार होणारे बदल' म्हणून उद्धृत करणे चूक आहे. एकटी फेरी ही एका वेळचीच पाहणी असते. पुढच्या फेऱ्यांतही, मधल्या काळात जे वारले किंवा सापडले नाहीत ते बहुधा अधिक आजारी होते, हे ध्यानात ठेवावे लागेल. नाहीतर उरलेल्यांची धडधाकट प्रकृती पाहून वय वाढल्याने माणूस सुधारतो असाही समज होईल.

म्हणून गावपातळीवर पाहणी करणाऱ्यांकडे माझा आग्रह आहे की प्रश्नावलीत वयाच्या गटावर खूण करून घेऊ नये, जन्मसाल नोंदवावे. आधार कार्डावरची तारीखही डोळे झाकून उतरवू नये, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही तारीख आपल्याकडे असंख्य वडीलधाऱ्यांच्या कागदांवर आहे आणि तिच्यासोबतचे सालही पुष्कळदा अंदाजाचेच असते. त्याऐवजी कोयनेचा भूकंप झाला तेव्हा शाळेत कितवीत होता, दुष्काळात लग्न झाले होते का, पहिले मूल केव्हाचे, असे विचारत जावे. भूकंप ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा. त्या रात्री आपण कुठे निजलो होतो हे पाटण-कराडकडचे म्हातारे माणूस सहसा विसरत नाही, आणि त्यावरून साल बऱ्यापैकी जुळवता येते. उत्तर देणाऱ्याची संमती घेऊन पत्ता जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या तुकडीला त्याच दारी पुन्हा जाता येईल. आणि तोवर निष्कर्षात 'वय वाढते तसे' हे शब्द न वापरता 'आज सत्तरीत असलेल्या, १९५०च्या आसपास जन्मलेल्या लोकांमध्ये' असेच लिहावे.