इथे दाखवायचं की तिथे न्यायचं? एआर आणि व्हीआर

जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनचा मनोरा उभा आहे. चिऱ्याचा, ४६ मीटर उंच, आणि अर्धाच. १६०२ मध्ये पुरं झालेलं हे चर्च १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यावर ओस पडलं, १८४२ मध्ये त्याचं छत कोसळलं आणि १९३१ मध्ये दर्शनी भागासकट निम्मा मनोरा खाली आला. सहलीला आलेली मुलं तिथे हमखास विचारतात, 'टीचर, हे पूर्ण होतं तेव्हा कसं दिसायचं?'

याचं उत्तर आता दोन तऱ्हांनी देता येतं. एक तर मुलांना तिथेच उभं ठेवायचं, टॅबलेट मनोऱ्यासमोर धरायचा आणि पडद्यावर त्या पडक्या मनोऱ्याला जोडूनच उरलेलं चर्च चितारायचं. आभाळ खरं, चिऱ्यांत उगवलेलं गवत खरं, मधूनच जाणारे पर्यटकही खरे. नवी फक्त भिंत. किंवा मग वाळपईच्या एखाद्या वर्गात मुलाच्या डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि त्याला सतराव्या शतकातल्या चर्चच्या आत नेऊन सोडायचं. मान वर केली की छत, वळलं की वेदी. वर्ग नाही, फळा नाही, बाहेरचा पाऊसही नाही.

पहिली तऱ्हा एआर, म्हणजे ऑगमेंटेड रिअॅलिटी. दुसरी व्हीआर, म्हणजे व्हर्च्युअल रिअॅलिटी. शाळांना विकायला येणारे लोक दोन्ही एकाच दमात उच्चारतात आणि एकाच बिलात बसवतात. खरं तर दोघांची कामं जवळजवळ उलटी आहेत. एआरला तुम्ही जिथे उभे आहात ती जागा हवी असते, व्हीआरला ती विसरायला लावायची असते. एवढं धरून ठेवलं, तर कुठे काय वापरायचं याचे बरेचसे निर्णय आपोआप होतात.

हा गोंधळ जुनाच आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी अमेरिकेत डोक्यावर घालायचा पहिला संगणकी पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगावा लागे. पुष्कळ ठिकाणी त्याला 'पहिला व्हीआर हेडसेट' म्हणतात. पण त्यातून समोरची खोली दिसत असे आणि तिच्यावर रेघांची चित्रं तरंगत. आजच्या मापाने तो एआरच झाला. ऑगमेंटेड रिअॅलिटी हे नाव मात्र १९९०च्या सुमाराला बोइंगमध्ये टॉम कॉडेल यांनी दिलं. विमानाच्या तारा जोडणाऱ्या कामगाराला कुठली तार कुठे जाते ते समोरच्या फळीवरच दिसावं, असा तिथला हेतू होता. संशोधक रोनाल्ड अझुमा यांनी १९९७ मध्ये एआरसाठी तीन अटी घातल्या: खरं आणि कृत्रिम एकत्र दिसलं पाहिजे, ते त्याच क्षणी चाललं पाहिजे, आणि कृत्रिम वस्तू खऱ्या जागेत पक्की बसली पाहिजे. तिसरी अट सगळ्यात कठीण. तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात तरी ती वस्तू जागची हलता कामा नये.

या अटी लावून पाहिल्या की रोजच्या वापरातलं एआर दिसू लागतं, आणि ते बहुधा शाळेत नसतं. म्हापशाला शुक्रवारच्या बाजारात दोन रिक्षांच्या मधल्या फटीत गाडी मागे घेताना पडद्यावर पिवळ्या-हिरव्या रेघा दिसतात, स्टिअरिंग फिरवलं की त्याही वळतात. ते साधंसं एआरच. फोनवर चष्म्याची फ्रेम चेहऱ्यावर चढवून पाहणं, सोफा आपल्या खोलीत मावेल का ते पाहणं, रील्समधली कुत्र्याच्या कानांची फिल्टरं, ही सगळी त्याच घरची माणसं.

गोव्यातल्या घरांत सर्वांत उपयोगी पडावं असं एआर मात्र कॅमेऱ्यातून होणारं भाषांतर आहे. जुन्या पेटीत जमिनीचे किंवा वारसाचे पोर्तुगीज कागद नाहीत असं घर शोधावं लागेल. आजोबांची पिढी ते वाचायची, आता घरात कुणाला येत नाही. गुगल ट्रान्सलेट उघडून कॅमेरा छापील पोर्तुगीज मजकुरावर धरला की त्याच ओळींच्या जागी भाषांतर उमटतं. ज्या कंपनीने हे तंत्र प्रथम लोकप्रिय केलं ती वर्ड लेन्सवाली कंपनी गुगलने २०१४ मध्ये विकत घेतली होती. छापील राजपत्रावर ते बरं चालतं. नोटरीच्या वळणदार हस्ताक्षरावर मात्र पार कोलमडतं, आणि कायदेशीर शब्दांचं तर भलतंच काहीतरी करतं. कागद कशाबद्दल आहे एवढा अंदाज घ्यायला ठीक. मामलेदाराकडे जाताना जाणकारच सोबत हवा.

चवथीच्या माटोळीकडे, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीकडे, फोन धरणारी मुलं हल्ली घरोघरी दिसतात. आंबाडे, तोरिंजन, कांगण्या, रानातून आणलेली कुठली कुठली फळं, आणि गुगल लेन्स त्यांची नावं सांगतं. याला एआर म्हणायचं का? माझ्या मते, नाही. ते चित्र ओळखून माहिती शोधणं झालं. नाव त्या फळापाशी टांगून राहत नाही. तुम्ही माटोळीखाली फिरताय आणि प्रत्येक फळावर त्याचं नाव तरंगतंय, असं झालं तर ते एआर. तूर्त तरी कांगण्यांची ओळख आजीकडूनच करून घ्यावी. यंत्र फार तर शास्त्रीय नाव सांगेल, ते फळ कुठल्या डोंगरावर मिळतं ते आजीलाच ठाऊक.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचंही तसंच. दीक्षा हे सरकारी व्यासपीठ २०१७ पासून आहे, पुस्तकातला काळा-पांढरा चौकोन स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ किंवा प्रश्नसंच उघडतो. उपयोगी आहेच. पण तो एक दुवा आहे, ना एआर ना व्हीआर. एआरमध्ये पुस्तकाच्या पानावर हृदय उभं राहतं आणि पुस्तक फिरवलं की त्याची मागची बाजू दिसते. क्यूआरचा व्हिडिओ चालू असताना पुस्तक मिटलं तरी काही बिघडत नाही.

फोनला हे जमतं कसं? कॅमेऱ्याच्या चित्रात तो ठळक ठिपके शोधतो: टेबलाची कड, फरशीवरचा डाग, चटईची वीण. हलताना ते ठिपके किती सरकले ते पाहतो, आतल्या जायरोस्कोपकडून फोन किती वळला ते घेतो, आणि दोन्ही जुळवून 'मी इथे, जमीन तिथे' असा हिशेब सेकंदाला कितीतरी वेळा मांडतो. म्हणूनच चकचकीत पांढऱ्या टाइल्सवर किंवा नुकत्याच रंगवलेल्या कोऱ्या भिंतीवर एआर गडबडतं. धरायला ठिपकेच नसतात. टाइल्सवर चटई अंथरली की पडद्यावरचा एखादा हत्तीही स्थिर उभा राहतो. उघड्यावर वेगळीच अडचण. फोनच्या जीपीएसमध्ये आकाश मोकळं असतानाही पाचेक मीटरची चूक सहज असते. केवळ जीपीएसवर विसंबलं तर सेंट ऑगस्टीनची नवी भिंत जुन्या मनोऱ्याला न चिकटता शेजारच्या झाडावर चढेल. तिथे कॅमेऱ्याला मनोऱ्याचा आकारच ओळखायला शिकवावं लागतं. आणि दुपारी बाराच्या उन्हात पडदाच दिसत नाही, त्यावर तंत्रज्ञानाकडे इलाज नाही. सकाळची बस धरावी.

तरीही गोव्यात एआरसाठी माझी पहिली निवड सेंट ऑगस्टीनची नसेल. ती सांगे तालुक्यात, कुशावतीच्या काठी उसगाळीमळला असेल. जांभ्या दगडाच्या कातळावर कोरलेले बैल, नाचणारी माणसं, चक्रव्यूहासारखी वर्तुळं. पुरातत्त्वज्ञांपर्यंत हे १९९३ मध्ये पोचलं. चित्रं पायाखालीच असतात आणि तरी दिसत नाहीत. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उजेडात रेषा उठतात, ऊन डोक्यावर आलं की कातळात विरून जातात, पावसाळ्यात चिखल-पाण्याखाली जातात. अशा ठिकाणी टॅबलेटच्या पडद्यावर फक्त रेषा उजळून दाखवल्या तरी पुरे. ना आवाज हवा, ना नाचणारा बैल. टॅबलेट खाली केला की मुलाने तीच रेषा डोळ्यांनी शोधावी, बोटाने नव्हे तर नजरेने माग काढावा. हेच दृश्य हेडसेटमध्ये भरून पणजीला दाखवलं तर तो एक चांगला माहितीपट होईल, पण कातळावर उभं राहण्याची गरजच त्याने संपवलेली असेल.

व्हीआरची बाजू तिथे बळकट होते, जिथे मुलाला नेणं शक्य नाही, महाग आहे किंवा धोक्याचं आहे. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून समुद्राचा अभ्यास करते आहे, आणि तिच्या आसपास राहणाऱ्या मुलांनीही समुद्राचा तळ पाहिलेला नसतो. पोहता येत नाही, पाणी गढूळ. प्रवाळाचा खडक आतून दाखवायला व्हीआरसारखं दुसरं साधन नाही. ज्वालामुखी, हृदयाचे कप्पे, अवकाशस्थानक, हीसुद्धा याच यादीतली.

आणि खरं म्हणजे गोव्याच्या तारवट्यांना, म्हणजे जहाजांवर नोकरी करणाऱ्यांना, यात नवल वाटायचं कारण नाही. जहाजावर रडार हाताळणाऱ्या अधिकाऱ्याला आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सिम्युलेटरवर शिकावं लागतं. धुकं, समोरून येणारं जहाज, अरुंद खाडी, सगळं एका खोलीत उभं केलेलं. डोळ्यांवर काही चढवलेलं नसतं, पण विचार व्हीआरचाच: चूक अशा ठिकाणी करू द्यायची जिथे जहाज बुडत नाही.

व्हीआरचं दुखणं पोटात असतं. डोळे सांगतात आपण पुढे चाललोय, कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण खुर्चीत बसलोय, आणि मेंदू गोंधळतो. होडीच्या बंद केबिनमध्ये नेमकं उलट होतं आणि मळमळ तीच येते. मान वळवल्यावर चित्र वीसेक मिलिसेकंदांत वळलं नाही, तर त्रास वाढतो. स्वस्त पुठ्ठ्याच्या चष्म्यांत, म्हणजे गुगलने २०१४ मध्ये आणलेल्या कार्डबोर्डसारख्यांत, मान फिरवलेली कळते. वाकलेलं, पुढे सरकलेलं कळत नाही. मूल कुतूहलाने पुढे वाकतं, आणि सगळं जगच त्याच्यासोबत पुढे सरकतं. घेरी तिथेच येते. लहान मुलांचे डोळे एकमेकांजवळ असतात, बहुतेक हेडसेट मोठ्यांच्या मापाचे, हेही लक्षात ठेवायला हवं. मेटाने आपल्या हेडसेटसाठी २०२३ मध्ये वयाची खालची अट तेरावरून दहावर आणली, तीही पालकांच्या देखरेखीखाली. पहिली-दुसरीच्या वर्गात हेडसेट नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वर्गातला हिशेब तर याहून रोकडा. चाळीस मुलं, एक हेडसेट, प्रत्येकाला पाच मिनिटं: झाले दोनशे मिनिटं, म्हणजे शाळेचा अर्ध्याहून अधिक दिवस. बाकीची एकोणचाळीस त्या वेळात काय करणार? उन्हाळ्याच्या घामात तोच फोम एका तोंडावरून दुसऱ्यावर. टॅबलेटभोवती मात्र पाच डोकी सहज जमतात, वाद घालतात, एक जण धरतो, दुसरा 'जरा डावीकडे' म्हणतो. शिकवणाऱ्यालाही दिसतं की मुलं काय पाहताहेत. व्हीआरमध्ये मूल एकटं असतं, टीचरला फक्त उघडलेलं तोंड दिसतं.

सीमारेषा आता पुसट होतेय, हे खरं. मिल्ग्रॅम आणि किशिनो या संशोधकांनी १९९४ मध्येच म्हटलं होतं की खरं जग एका टोकाला, संपूर्ण कृत्रिम दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये सलग पट्टा आहे. २०२४ मध्ये विक्रीला आलेला अॅपलचा व्हिजन प्रो डोळे पूर्ण झाकतो, पण बाहेरच्या कॅमेऱ्यांतून खोली दाखवतो; वरचं चक्र फिरवलं की खोली विरत जाते. ३,४९९ डॉलरचं हे यंत्र आपल्या प्राथमिक शाळांत येणार नाही, त्यामुळे त्या पुसटपणाची चिंता तूर्त सोडून द्यायला हरकत नाही.

शाळेने खरेदी करायचीच असेल, तर आधी नेटवर्कचं विचारावं. २०२०च्या ऑनलाइन वर्गांसाठी सत्तरी-सांग्यातली मुलं रेंज शोधत डोंगर चढत होती. एआर असो वा व्हीआर, सगळा धडा आधी उतरवून ठेवता येतो का? मग, कंपनीने सेवा बंद केली तर काय? गुगलचं शाळांसाठीचं एक्सपिडिशन्स अॅप २०२१ मध्ये बंद झालं, आणि त्याच्यासाठी घेतलेले पुठ्ठ्याचे चष्मे कपाटांत राहिले. आणि एआरसाठी टॅबलेट घेताना किंमत पाहण्याआधी ते मॉडेल एआरकोर, म्हणजे अँड्रॉइडवर एआर चालवणारी गुगलची प्रणाली, चालणाऱ्या यंत्रांच्या यादीत आहे का ते पाहावं. पुष्कळशा स्वस्त टॅबलेटमध्ये जायरोस्कोपच नसतो. त्यांवर दीक्षाचे व्हिडिओ छान चालतात, पण बैलाची रेषा कातळावर बसत नाही.