एचओ की डबल ओ? रुळावरून घराचं माप काढू नका

गेल्या पावसाळ्यात मी माझ्या मॉडेल रेल्वेसाठी पुण्याच्या कसबा पेठेतल्या धर्तीचा एक छोटा वाडा पुरा केला. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांची माडी, पुढे लाकडी सज्जा, माथ्यावर मंगलोरी कौलं. लेआउटवर, म्हणजे रूळ आणि गाव मांडलेल्या फळीवर, रुळांच्या कडेने जी गल्ली उभी राहते आहे तिच्यात तो बसवला. शेजारी आधीपासून एक दुमजली घर होतं, विकत आणलेल्या किटमधून जोडलेलं. दोन्ही मी जीव लावून केलेली, दोन्ही सुटी सुटी बघितली तर छान. आत्या बघायला आली. तिचं लहानपण वाड्यात गेलेलं. दोन मिनिटं न बोलता बघत राहिली आणि म्हणाली, "वाडा अगदी आमच्यासारखा झालाय रे. पण या शेजारच्या घरातली माणसं वाड्यात राहणाऱ्यांपेक्षा उंच आहेत का?"

आत्याला स्केल हा शब्द माहीत नव्हता, पण चूक तिने नेमकी पकडली. वाडा एचओमध्ये होता आणि किटचं घर डबल ओमध्ये; ही मॉडेल रेल्वेची दोन वेगळी मापं. किट घेताना मी एवढंच पाहिलं होतं की माझे रूळ 16.5 मिलिमीटरचे आहेत आणि खोक्यावरही 16.5 मिलिमीटरच्या रुळासाठी असं लिहिलंय.

घोळ इथेच होतो, आणि नव्याने इमारती करायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा होतो. रुळांमधलं अंतर म्हणजे गेज. खऱ्या वस्तूच्या कितव्या हिश्श्याने प्रतिकृती करायची ते प्रमाण म्हणजे स्केल. एचओ आणि डबल ओ यांचं गेज एकच आहे, 16.5 मिलिमीटर. स्केल मात्र वेगळी आहे. एचओमध्ये खऱ्या एका फुटाला 3.5 मिलिमीटर, म्हणजे 1:87. डबल ओमध्ये एका फुटाला 4 मिलिमीटर, म्हणजे 1:76. घराला रूळ नसतात, त्यामुळे घराच्या खोक्यावर गेज वाचून हाती काहीच लागत नाही.

दोन प्रमाणं एकाच रुळावर कशी आली ते कळलं की पुन्हा गोंधळ होत नाही. आधी ओ स्केल होती, फुटाला 7 मिलिमीटर. तिची निम्मी म्हणजे हाफ ओ, तीच एचओ. जगातल्या बऱ्याचशा रेल्वेचं स्टँडर्ड गेज 1435 मिलिमीटर आहे. त्याला 87 ने भागा, 16.5 येतात. म्हणजे एचओमध्ये रूळ आणि गाडी यांचा हिशोब चोख जुळतो. अडचण ब्रिटनमध्ये आली. तिथले पूल आणि बोगदे अरुंद, म्हणून तिथली इंजिनंही अंगाने बारीक. त्या काळच्या विजेच्या मोटारी इतक्या बारीक इंजिनाच्या प्रतिकृतीत मावत नव्हत्या. मग तिथल्या कारखानदारांनी रूळ तेच ठेवले आणि वरची गाडी मोठी करून टाकली, फुटाला 4 मिलिमीटर. 1938 साली आलेल्या हॉर्नबी डब्लो या खेळण्यातल्या रेल्वेने हे माप तिथे घरोघरी नेलं. डब्लो हे नावही डबल ओवरूनच. खरं तर 1:76 मध्ये स्टँडर्ड गेज 18.83 मिलिमीटर भरायला हवं. ते भरत नाही, म्हणून डबल ओच्या गाडीखाली रूळ अंमळ अरुंद दिसतात. आजही ब्रिटिश कंपन्यांचा माल बहुतेक डबल ओ असतो आणि जर्मन व अमेरिकन माल एचओ. जपानी लोक तर याच 16.5 मिलिमीटरवर 1:80 चालवतात. म्हणजे एका रुळावर तीन प्रमाणं.

आता 3.5 आणि 4, अर्ध्या मिलिमीटरचा तर फरक, असं वाटतं. उंचीत तो चौदा टक्के आहे. पण घर ही नुसती उंची नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही चौदा टक्क्यांनी वाढल्या की भिंतीचं क्षेत्रफळ तीस टक्क्यांनी वाढतं आणि घराचं एकूण आकारमान जवळजवळ दीडपट होतं. डोळा मोजपट्टी लावत नाही, तो आकारमान बघतो. माझ्या गल्लीत म्हणूनच किटचं घर वाड्याच्या अंगावर आल्यासारखं दिसत होतं, खरे मजले सारखेच असूनही.

काही मापं हाताशी ठेवावीत. साडेपाच फुटी माणूस एचओमध्ये 19 मिलिमीटर, डबल ओमध्ये 22. सात फुटी दार 24.5 आणि 28. दहा फुटी मजला 35 आणि 40. मी सगळं फुटातच धरतो, कारण आपल्याकडे मिस्त्री अजून फुटातच बोलतो आणि ही दोन्ही प्रमाणं मुळात फुटावरच बांधलेली आहेत. वाड्याचं माप तर खणात सांगतात, दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. पाच फुटांचा खण धरला तर एचओमध्ये 17.5 मिलिमीटर, डबल ओमध्ये थेट 20. पाढे म्हणायला डबल ओ सोपं आहे, हे कबूल करायला हवं.

खोक्यावर किंवा पाकिटावर काही लिहिलं नसेल तर? आणि लिहिलेलं असलं तरी सावध राहावं, कारण माणसांच्या आणि दिव्यांच्या पाकिटांवर सर्रास 'एचओ/डबल ओ' असं दोन्ही छापतात. त्यातली माणसं बहुधा मधल्याच कुठल्या तरी उंचीची निघतात. युरोपीय किटच्या घरात मी विटांचे थर मोजतो. नेहमीच्या विटेचा एक थर सांध्यासकट सुमारे 75 मिलिमीटरचा. दहा थरांना पट्टी लावायची. साडेआठच्या आसपास आलं तर एचओ, दहाला टेकलं तर डबल ओ. मात्र ही युक्ती आपल्या वाड्यांना लावायची नाही. पेशवेकालीन वीट आजच्यापेक्षा पातळ असते, थर दाट येतात, आणि तुम्ही बरोबर केलेला वाडा उगाच चुकीचा ठरवाल. वाड्याच्या दाराचंही तसंच. मोठ्या दरवाजातली दिंडी मुळातच बुटकी, माणूस वाकून आत जातो. तिच्यावरून प्रमाण ताडायला गेलात तर फसाल. वाड्यात पायरी बघावी. माणसाचं पाऊल शतकानुशतकं तेवढंच उचललं जातंय. सात इंची पायरी एचओमध्ये 2 मिलिमीटर, डबल ओमध्ये सव्वादोनच्या किंचित वर.

सामान आणताना हा फरक सगळ्यात जास्त जाणवतो, आणि तिथे आपल्या पुण्याचा फायदा आहे. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांमुळे सनबोर्ड (फोमचा हलका ताव), माउंटबोर्ड (जाड पुठ्ठा), एमडीएफ (दाबलेल्या लाकडी भुशाची फळी) सगळं सहज मिळतं. अप्पा बळवंत चौकात एक चक्कर मारली की महिन्याचं काम भागतं. 3 मिलिमीटरचा सनबोर्ड डबल ओमध्ये बरोबर नऊ इंची विटेची भिंत होतो. एचओमध्ये तोच सव्वादहा इंच, म्हणजे नऊ इंची भिंत आणि दोन्ही बाजूंचा गिलावा. 1950 नंतरच्या इमारतीला तो दोन्हीकडे चालतो. वाड्याला नाही. तळमजल्याची दगडी भिंत दोन फूट धरली तर एचओमध्ये 7 मिलिमीटर हवी आणि डबल ओमध्ये 8. नुसता एक सनबोर्ड उभा करून खिडकी कापली की ती पुठ्ठ्याची खिडकी वाटते. वाड्याची खिडकी खोल असते, तिच्या खोबणीत सावली बसते, आणि ती सावली नसेल तर रंग कितीही चांगला द्या, वाडा उभा राहत नाही. मी एचओसाठी 5 आणि 2 असे दोन थर चिकटवतो. आधी दोन्ही एकत्र धरून खिडकी कापायची, मग कडेला आयव्हरी कागदाची पट्टी फिरवून सांधा झाकायचा.

लाकडी दर्शनी भाग हे वेगळंच काम. विश्रामबागवाड्यासमोर उभं राहून ते सुरूच्या झाडासारखे खांब बघा. एक फूट जाडीचा खांब एचओमध्ये साडेतीन मिलिमीटर, डबल ओमध्ये चार. चार मिलिमीटरच्या काडीवर मी बारीक कोरून सुरूचा उतार आणू शकतो आणि खाली कमळाच्या पाकळ्यांची खूणही उमटवू शकतो. साडेतीनवर पाकळ्या गेल्या, उतार तेवढा राहिला. इथे डबल ओ खरंच उजवं आहे. ज्याला मुख्यतः इमारतीच करायच्या आहेत, गाडी मागून कधी तरी जाणार आहे, त्याने डबल ओ घ्यावं असं माझं मत आहे.

कौलांचा फरक त्या मानाने थोडा. मंगलोरी कौल साधारण 41 सेंटिमीटर लांब, म्हणजे एचओत पावणेपाच आणि डबल ओत साडेपाचच्या जरा आत. एक मात्र पाळावं: मंगळूरला अशा कौलांचा पहिला कारखाना 1865 साली निघाला. त्यामुळे पेशवाईतला म्हणून वाडा दाखवायचा असेल तर त्यावर ही कौलं घालू नयेत. माझा वाडा विसाव्या शतकातला, दुरुस्त केलेला, म्हणून चालतात.

कागदी किट असेल तर प्रमाण बदलताही येतं. डबल ओचं चित्र 87.5 टक्क्यांवर छापलं की एचओ होतं, साडेतीन भागिले चार एवढाच तो हिशोब. पण पुठ्ठ्याची जाडी छपाईबरोबर कमी होत नाही. खाचा अरुंद होतात, पुठ्ठा तेवढाच राहतो, आणि भिंती एकमेकींत बसत नाहीत. खाचा हाताने पुन्हा रुंद कराव्या लागतात. मी दोन घरं अशी केली. तिसऱ्या वेळी सरळ खाचा उडवल्या आणि कोपरे पंचेचाळीस अंशात तासून जोडले.

दिव्यांसाठी तपकीर गल्लीत जाल तेव्हा 3 मिलिमीटरचा एलईडी घरात लावू नका. एचओमध्ये तो 26 सेंटिमीटर व्यासाचा गोळा होतो, डबल ओमध्ये 23. कुठल्याही माजघरात एवढा दिवा नसतो. 1.6 मिलिमीटर लांबीचा चपटा एलईडी मागा, पिवळसर प्रकाशाचा, आणि तो खिडकीतून थेट दिसणार नाही असा तुळईमागे दडवा.

मग मी स्वतः एचओच का धरलं? गाडीसाठी. आपलं ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. एचओमध्ये ते 19.3 मिलिमीटर भरायला हवं, डबल ओमध्ये 22. बाजारात मिळणारे रूळ 16.5 चे. म्हणजे एचओमध्ये भारतीय गाडीखाली रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद दिसतात, डबल ओमध्ये साडेपाचने. पहिलं डोळा सोसतो, दुसरं नाही; डबा रुळांवर तोल सावरत उभा असल्यासारखा वाटतो. कोथरूडला 1998 पासून जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय आहे, तिथला मुख्य पसाराही एचओचाच. लहान मुलांना घेऊन जातात तसं इमारती करणाऱ्याने एकट्यानेही जावं, गाड्यांकडे कमी आणि घरं, खांब, रस्ते यांच्या एकमेकांशी असलेल्या मापाकडे जास्त बघत. आणि गंमत अशी की त्याच कोथरूडातून 2022 च्या मार्चमध्ये सुरू झालेली मेट्रो स्टँडर्ड गेजची आहे. बाजारातल्या रुळावर एचओमध्ये तंतोतंत बसणारी पुण्यातली गाडी म्हणजे ती मेट्रो.

दोन्ही प्रमाणं एकत्र वापरूच नयेत असं नाही. कडुनिंबाला ठरलेली उंची नसते. कोपऱ्यावरचं मारुतीचं देऊळ, दगडी कुंपण, पोती, लाकडाची वखार, हे कुठल्याही मापाचं खपतं. दार, जिना, कठडा, सायकल, रिक्षा खपत नाही, कारण या गोष्टी रोज अंगाला लागतात आणि अंग माप विसरत नाही. रिक्षा तर फार काटेकोरपणे बघावी. साडेआठ फुटांची रिक्षा एचओमध्ये 30 मिलिमीटर, डबल ओमध्ये 34. खेळण्यांच्या दुकानातल्या धातूच्या गाड्या बहुधा 1:64 च्या आसपास असतात, त्या दोन्हीकडे मोठ्या पडतात. एकाच ओळीत खांद्याला खांदा लावून एचओ आणि डबल ओ घरं ठेवू नयेत. पण बघणारा एकाच बाजूने बघणार असेल तर पुढे डबल ओ, मागे एचओ ठेवल्याने गल्ली आहे त्याहून खोल वाटते.

मी शेवटी तेच केलं. किटचं घर ओळीतून काढलं आणि रुळांच्या अलीकडे, लेआउटच्या पुढच्या कडेला आणलं. मधे कडुनिंबाची दोन झाडं लावली. वाड्याशेजारची जागा आता मोकळी आहे. तिथे तीन खणांचं एचओ घर बसेल, जोतं कापून झालंय. आत्या दिवाळीला येणार आहे. त्याआधी वाड्याच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली एक बाई मला करायची आहे.