कोरियन युद्धातील भारताची तटस्थता

कोरियन युद्धात (१९५०–५३) भारताने लढाईबाहेर राहून मध्यस्थाचे काम केले. तटस्थ म्हणजे गप्प, असा अर्थ येथे लागत नाही. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाने दक्षिण कोरियावर हल्ला केल्यावर त्याचा निषेध करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला. मात्र सैन्य पाठवायला नकार देऊन ६० वी पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स ही वैद्यकीय तुकडी तेवढी पाठवली.

ऑक्टोबर १९५० च्या सुरुवातीला एका मध्यरात्री चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे तिथले राजदूत का. मा. पणिक्कर यांना बोलावून घेतले. अमेरिकी फौजा ३८ वा अक्षांश (दोन्ही कोरियांमधली विभाजनरेषा) ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल, असा निरोप त्यांनी दिला. भारताने तो पोचवला. पणिक्कर चीनकडे झुकलेले आहेत असे वॉशिंग्टनचे मत असल्याने तो मनावर घेतला गेला नाही. त्याच महिन्यात चिनी सैन्य कोरियात शिरले.

पुढे वाटाघाटी अडल्या त्या युद्धकैद्यांवर. मायदेशी जायला तयार नसलेल्यांना बळजबरीने पाठवायचे का? भारताचे प्रतिनिधी कृष्ण मेनन यांनी मांडलेला तोडगा डिसेंबर १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केला, पण सोव्हिएत संघ आणि चीन दोघांनीही तो धुडकावला. गंमत अशी की जून १९५३ मध्ये झालेला समझोता बराचसा त्याच वळणाचा होता.

त्यानुसार स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत यांचा आयोग परत जायला नकार देणाऱ्या कैद्यांसाठी नेमला गेला. अध्यक्ष होते भारताचे जनरल थिमय्या. पहाऱ्याची सारी जबाबदारी एकट्या भारतीय सैन्यावर होती आणि त्या तुकडीचे प्रमुख होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शं. पां. पा. थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन ऱ्ही भारतीय जवानांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू द्यायला तयार नव्हते. म्हणून इंचॉन बंदरातून त्यांना हेलिकॉप्टरने दोन्ही कोरियांमधल्या लष्करमुक्त पट्ट्यात उतरवावे लागले. तंबूत कैद्याला त्याच्या देशाचे प्रतिनिधी समजावत, मग तो दोनपैकी एका दाराने बाहेर पडे: एक मायदेशाचे, दुसरे नकाराचे. सप्टेंबरमध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः कुंपणाच्या आत गेले आणि बोलणी करून त्याला सोडवून आणले.

सुमारे २३ हजार कैद्यांपैकी परत जायला राजी झाले ते काही शेच. उरलेल्यांना जानेवारी १९५४ मध्ये ज्यांनी पकडले होते त्या-त्या पक्षाच्या हवाली करण्यात आले. ऐंशीहून अधिक जणांना मात्र कोणताच कोरिया नको होता, चीन नको होता, तैवानही नको होते. ते भारतीय तुकडीबरोबर जहाजाने इकडे आले. पुढे त्यांतले बरेचसे ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही थोडे भारतातच राहिले.